मधला कागद

दुकानदाराने यादीतल्या वस्तू एकेक करून काउंटरवर मांडल्या, पेन्सिल कानावर अडकवली आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून खालच्या आवाजात विचारलं, "काका, ते पाकीट याही महिन्यात नको का?"

"कुठलं पाकीट?"

"कागदात गुंडाळून देतो ते. काकू न चुकता न्यायच्या, ताईंसाठी. तुम्ही यायला लागल्यापासून एकदाही नेलं नाही." मग तो हसला, चांगल्या मनाने हसला. "तसं काही असेल तर आम्हालाही सांगा म्हणजे झालं. नाही सांगितलं तरी बाळाच्या पावडरचा डबा यादीत आला की आम्हाला कळतंच."

काका पुस्तकं बांधणारा बाइंडर होता. तो दोन्ही पिशव्या उचलून रस्त्यावर आला. बायको जाऊन साडेचार महिने झाले होते आणि तेव्हापासून सामान आणायचं काम त्याच्याकडे आलं होतं. मुलगी आणि जावई त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत, स्वयंपाक एकत्र होई, सामान एकत्र येई. यादी मुलगी लिहायची, तो आणायचा. चार याद्या झाल्या. साबणापासून दिव्यापर्यंत त्याने चारही याद्या वाचल्या होत्या, आणि त्यांत काय नाही हे त्याला दुकानदाराने सांगावं लागलं. दुकानदाराला जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. दुसऱ्या एखाद्या बापाला आनंद झाला असता. तो मात्र घाबरला, कारण हीच चूक त्याने एकतीस वर्षांपूर्वी स्वतःच्या बायकोच्या बाबतीत केली होती. मुलगी तेव्हा वर्षाची होत आली होती. बाळंतपण तसं सरळ झालं होतं, पण वारेचा एक तुकडा आत राहून गेला. पंधरा दिवस झाले तरी रक्त थांबेना, तेव्हा बायकोला परत नेली, डॉक्टरांनी पिशवी साफ केली, दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. त्यानंतर तिला पाळी आली नाही. अंगावर पाजतेय म्हणून येत नसेल, असं सगळे म्हणाले. पाजणं थांबलं तरी आली नाही. मग त्याच्या डोक्यात आलं की दिवस गेले असणार. तिने काहीच सांगितलं नव्हतं, त्यानेच ठरवून टाकलं. कारखान्यात सोबत्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एक अजून बांधून झालं नाही आणि दुसरं छापायला घेतलंस का रे?" त्या आठवड्यात त्याने उरलेल्या चांगल्या कागदाची एक छोटी वही बांधली, वर निळं कापड, कोपऱ्यांना कातडं. येणाऱ्या बाळाचं वजन, पहिला दात, असलं काहीबाही लिहायला. घरी येऊन ती बायकोच्या हातात ठेवली. ती वहीकडे बघत राहिली. "अहो, तसं काही नाहीये," ती म्हणाली. "दर महिन्याला पोटात नुसतं पिळवटून येतं आणि होत काहीच नाही." तो म्हणाला, "होईल." एवढंच म्हणाला होता. पुढे कितीतरी वर्षं तो तेवढंच म्हणत राहिला.

घरी न जाता तो पिशव्या घेऊन तसाच कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे आता एक लांब खोली, दोन टेबलं, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचं भांडं आणि तो. सोबती कधीच पांगले होते. एका कचेरीत पाण्याचा नळ फुटून जुनी जन्मनोंदीची रजिस्टरं भिजली होती, ती आठवड्यापूर्वी त्याच्याकडे आली होती. भिजलेलं पुस्तक सुकलं की त्याची पानं एकमेकांना धरतात, वीट होते त्याची. ती ओढायची नसतात. ओढली की एका पानाचं कातडं दुसऱ्यावर राहतं. आधी हलका ओलावा द्यायचा, मग हाडाची पट्टी कोपऱ्यातून सरकवत एकेक पान सुटं करायचं, आणि लगेच मध्ये टीपकागद घालायचा. तो रोज बदलायचा. न घालता तसंच ठेवलं तर पानं परत चिकटतात आणि दुसऱ्या वेळी सुटत नाहीत. हे सगळं त्याच्या हातांना येत होतं, त्यासाठी डोकं लागत नव्हतं, आणि म्हणूनच आज हात चालेनात. डोकं रिकामं होतं ते दुसरीकडेच गेलं. बायकोला त्याने किती डॉक्टरांकडे नेलं होतं. एकीने ताकदीचं औषध दिलं. एकीने वजन वाढवायला सांगितलं. एक म्हणाली, एक आहे ना पदरात, मग घाई कसली. अशी आठ वर्षं गेली. शेवटी एकाने आत औषध सोडून एक्स-रे काढला आणि तो खिडकीशी धरून दाखवला. जिथे पिशवीच्या पोकळीचा त्रिकोण दिसायला हवा तिथे केसासारखी एक रेघ होती. मग त्यांनी दुर्बीण घालून बघितलं. ती बोटभर आत गेली आणि पुढे वाटच नव्हती. डॉक्टर बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "भिंतीला भिंत चिकटून एकजीव झाली आहे. सुरुवातीलाच आला असतात तर सोडवता आली असती." ते रागावून बोलले नव्हते. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं होतं.

त्या दिवशी हॉस्पिटलचा जिना उतरताना बायको मध्येच थांबली. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. ती म्हणाली, "ठकूला हे कधी कळता कामा नये." मुलीला ती ठकू म्हणायची. तो म्हणाला, "का?" ती म्हणाली, "तिला वाटेल तिच्यामुळे झालं." तो म्हणाला, "तिच्यामुळे कुठे? वारेमुळे झालं." बायको म्हणाली, "वार कुणाची होती?" त्याने मान हलवली. वचन वगैरे शब्द दोघांनी वापरले नाहीत. पण त्या दिवसापासून सगळ्यांना एकच उत्तर मिळत गेलं, आम्हाला एकच हवं होतं. नणंदांना तेच, शेजारणींना तेच, आणि मुलीलाही तेच. मुलगी चौदा वर्षांची असताना कशावरून तरी भांडण झालं तेव्हा म्हणाली, "तुला दुसरं नको होतं कारण तुला त्रास नको होता. मला कोणी नाही ते तुझ्यामुळे." बायको हसली होती. "हो बाई, तुझ्या एकटीचाच त्रास पुरे झाला," असं म्हणून तिने पोरीच्या ताटात वाढलं होतं. तो तिथेच बसला होता आणि पाणी पीत होता.

आणि या वर्षी, थंडी सरता सरता, मुलीला तिसरा महिना असताना ते गेलं. पिशवी साफ करावी लागली. बायको दोन दिवस तिच्या खाटेशी बसून होती. घरी येताना टॅक्सीत, मुलगी आणि जावई मागच्या टॅक्सीत असताना, बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी दीड-दोन महिने वाट बघते. पाळी नीट आली तर प्रश्नच नाही. नाहीतर मीच तिला घेऊन जाईन. आणि काय सांगायचं ते मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका." सहाव्या आठवड्यात ती सकाळी स्वयंपाकघरात खाली बसली आणि उठली नाही. त्यानंतर त्याच्या डोक्यातून काय काय पुसलं गेलं त्याचा हिशेब नव्हता. घराचं दार उघडं टाकून तो कामावर गेला होता, एकदा पुस्तक उलटं बांधलं होतं. पण हे एक विसरायला नको होतं. ती जाताना जे काम अर्धं ठेवून गेली ते हेच होतं, आणि तो साडेचार महिने स्वतःचंच दुःख उगाळत बसला होता. आत ते रोज थोडं थोडं घट्ट होत असेल, आणि ते बाहेरून दिसत नाही. बायकोचंही दिसलं नव्हतं.

त्याने विचार केला की जावयाला सांगावं. जावई लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी, बोलका आणि सरळ माणूस. "हिला जरा डॉक्टरकडे नेऊन या," एवढं सांगितलं तर बायकोचा शब्दही मोडणार नव्हता. पण जावई विचारणार, का. आणि जावयाच्या मनात दुकानदारासारखंच काही येऊन बसलं असेल तर? मग त्याने ठरवलं की मुलीलाच सांगायचं, पण अर्धंच. डॉक्टरकडे जा, एवढंच. आईचं काढायचं नाही.

घरी आला तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. गॅसवर भांडं होतं आणि तिने गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर दोन्ही हातांनी धरली होती. त्याला बघून ती पटकन बाजूला ठेवली.

"काय गं?"

"काही नाही. पित्त झालंय."

त्याने सामान काढून मांडायला सुरुवात केली. साबण साबणाच्या जागी, तेल तेलाच्या जागी. पाठ तिच्याकडे होती, तेवढं एक बरं होतं. "दुकानदार विचारत होता," तो म्हणाला.

"काय?"

"ते पाकीट. कागदातलं."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. "बाबा, तुम्ही आणि तो दुकानदार उभे राहून माझ्याबद्दल बोलत होता?"

"मी नाही बोललो. तो बोलला."

"मग त्याला सांगा, तू तुझे साबण विक."

"तुला पाळी येत नाही का?"

हा शब्द त्याने मुलीसमोर आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. ती वयात आली तेव्हाही सगळं आईनेच बघितलं होतं, त्या दिवशी त्याला कारखान्यातून उशिरा यायला सांगितलं होतं. आता शब्द बोलून झाला होता आणि तो कुणीतरी तिसऱ्यानेच म्हटल्यासारखा दोघांना वाटला.

"आई गेल्यापासून माझं काय नीट चाललंय?" ती शेवटी म्हणाली. "झोप नाही, भूक नाही, तेही नाही. येईल. मी डॉक्टरांना फोनवर विचारलंय, दुःखाने होतं म्हणाल्या."

"आणि पोटात दर महिन्याला पिळवटून येतं."

ती त्याच्याकडे बघायला लागली. "तुम्हाला कसं कळलं?"

"तू डॉक्टरकडे जा. फोनवर नाही. जाऊन तपासून घे."

"आईसारखं बोलू नका."

"आई असती तर तिनेच नेलं असतं तुला."

"का? आईला काय माहीत होतं?"

त्याचं अर्धं तिथेच संपलं. तो तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसला आणि त्याने सांगितलं. त्याला गोष्ट रचून सांगता येत नसे, जसं झालं तसंच सांगता येई. वारेचा तुकडा, पिशवी साफ केली ते, वही, औषधं, एक्स-रेमधली रेघ. आम्हाला एकच हवं होतं हे खरं नव्हतं, हेही सांगितलं. जिन्यातलं बोलणं तेवढं सांगितलं नाही. पण त्याची गरजच पडली नाही.

"कधी केली साफ?" तिने विचारलं.

"तू पंधरा दिवसांची होतीस."

तिने मनात काहीतरी मांडलं. तिच्या चेहऱ्यावर ते जुळताना त्याला दिसलं. "म्हणजे माझ्या..."

"वारेमुळे," तो म्हणाला, आणि बायकोने जिन्यात दिलेलं उत्तर त्याला इतकं स्पष्ट ऐकू आलं की ते मुलीलाही ऐकू गेलं असेल असं वाटलं. मुलगी उठली. गरम पाण्याची पिशवी तिने मोरीत उलटी केली, सगळं पाणी जाईपर्यंत धरून ठेवली, गॅस बंद केला आणि वर निघून गेली.

दोन दिवस ती खाली आली नाही. जावई आला, जिन्यात उभा राहून म्हणाला, "बाबा, काय झालंय? ती म्हणते बाबांना विचार." तो म्हणाला, "मी म्हणतो तिला विचारा." जावई म्हणाला, "म्हणजे मी वर-खाली करतोय. ते मी दिवसभर करतोच," आणि बिचारा परत वर गेला. बाइंडर एकटा जेवत होता. जेवताना त्याला बायकोचा राग आला, पहिल्यांदाच आला. अशी कशी मध्येच उठून गेलीस. हे बोलणं तुझं होतं. तू ते कसं सांगितलं असतंस, कुठून सुरू केलं असतंस, काय गाळलं असतंस, एवढं तरी सांगून जायचंस. मग राग गेला आणि नुसतं ताट राहिलं. त्याला वाटलं, पोर आता त्याच्याशी कधीच नीट बोलणार नाही, आणि डॉक्टरकडे तर जाणारच नाही. आपण दोन्हीकडून घालवलं. शब्दही मोडला आणि कामही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी ती खाली आली. डोळे सुजलेले होते, पण केस बांधलेले होते. "उद्या दहाची वेळ घेतलीय," ती म्हणाली. "हे कामावर असतील. तुम्ही चला."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अस्तन्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं भराभर. आधी आत पाणी सोडून सोनोग्राफी केली, दुसऱ्या दिवशी बारीक दुर्बिणीने बघितलं, मग दोघांना समोर बसवलं. त्यांनी हाताचे दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले. "पिशवी आतून अशी असते, समोरासमोर दोन भिंती, त्यांना अस्तर. साफ करताना अस्तर खोलवर खरवडलं गेलं तर दोन्ही बाजू कच्च्या राहतात, आणि भरून येताना एकमेकींना धरतात. सगळ्यांना होत नाही. काहींना होतं. वेळेवर कळत नाही, कारण पाळी नाही म्हटलं की सगळ्यांना दुसरंच काहीतरी वाटतं." बाइंडरने खाली बघितलं. "तुम्ही सहा महिन्यांत आलात हे बरं केलंत. खालचे पडदे पातळ आहेत. वर उजव्या कोपऱ्यात जाड वाटतंय. भूल देऊन दुर्बिणीतून बघत बघत बारीक कात्रीने सोडवायचे."

"सोडवलं तरी परत चिकटेल," बाइंडर म्हणाला.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही काय करता?"

"पुस्तकं बांधतो. भिजलेली पानं सुटी केल्यावर मध्ये कागद घातला नाही तर परत धरतात. आधीपेक्षा घट्ट."

"अगदी तसंच. म्हणून आम्ही आत छोटा फुगा ठेवतो, आठवडाभर. भिंती लांब राहतात. अस्तर वाढायला गोळ्या. महिन्याने परत बघायचं, कुठे धरलं असेल तर परत सोडवायचं. आणि पुढे दिवस गेले तर मला लगेच कळवायचं, वार कुठे आणि कशी बसली आहे ते नीट बघावं लागतं." त्या थांबल्या. "दिवस जातीलच असं मात्र मी लिहून देणार नाही."

"नका देऊ," मुलगी म्हणाली. "तुम्ही लिहून दिलंत तर बाबा लगेच त्याला पुठ्ठा घालतील."

डॉक्टरीणबाई हसल्या. मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "तीस वर्षांपूर्वी यावर इलाज होता का?"

"काही ठिकाणी होता. पण ओळखणारं कुणीतरी भेटायला लागायचं. आणि लवकर."

ऑपरेशनच्या दिवशी जावई रजा घेऊन आला होता. तो बाकावर बसून हॉस्पिटलच्या लिफ्टचा आवाज ऐकत होता आणि अधूनमधून म्हणत होता, "हिची दोरी घासतेय. कुणाला तरी सांगायला हवं." बाइंडर भिंतीकडे बघत बसला. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतील असं सांगितलं होतं. त्याला सारखं एकच वाटत होतं, की त्या दाराआड बायको आहे. तिचं वय तीसच्या आतलं आहे, तिच्या आतले पडदे अजून पातळ आहेत, आणि कुणीतरी कात्रीच्या टोकाने एकेक पडदा सोडवत वर चाललं आहे. जिथे बोटभर जाऊन वाट संपली होती तिथून पुढे चाललं आहे. तिने किती वेळा सांगितलं होतं, पोटात पिळवटून येतं आणि होत काहीच नाही. सगळं त्यातच होतं. आणखी काही ओळखायला लागणार नव्हतं. रोज पानं सुटी करणारा माणूस तिच्या शेजारी झोपत होता, आणि तो म्हणत होता, होईल. तिच्यात कुणी काही घातलं नाही, कुणी मध्ये हात धरला नाही, आणि ती तशीच मिटत गेली. मिटलेली असूनही ती हसली, तिने स्वयंपाक केला, पोरीचे टोमणे ऐकले. दार उघडलं तेव्हा तो दचकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं. वरपर्यंत पोचलो." जावयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाइंडर उठून संडासात गेला आणि नळ सोडून रडला.

पुढचा महिना असाच गेला. आठवड्याने फुगा काढला. गोळ्यांच्या वेळा जावयाने खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहिल्या. मुलगी बोलायची, पण लागेल तेवढंच. आईचा विषय आला की उठून जायची. एकदा तो कपाटात काही शोधत असताना तिने मागून विचारलं, "ती निळी वही कुठे आहे?" त्याने वही काढून दिली. ती कोरीच होती. बायकोने ती कधी उघडली नव्हती आणि टाकलीही नव्हती. मुलीने पानं चाळली, कापडावरून बोट फिरवलं आणि परत त्याच्या हातात दिली. "छान बांधली आहे," ती म्हणाली, गिऱ्हाईक म्हणतं तसं. गोळ्या संपल्यावर आठवड्याच्या आत जावयाने त्याला जिन्यात गाठलं. अडकलेली लिफ्ट चालू झाल्यावर होत असेल तसा त्याचा चेहरा होता. "बाबा," तो कुजबुजला, "आली. दोनच दिवस, थोडीच, पण आली." एवढं बोलून तोच लाजला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला.

महिन्याने परत दुर्बीण घातली. या वेळी जावयाला रजा मिळाली नाही, बापलेकच गेले. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, खालचा भाग मोकळा राहिला आहे. उजवा कोपरा थोडा परत धरला होता, तो सोडवला. अस्तर अजून पातळ आहे, पण आहे. तीन महिने जाऊ द्यायचे, मग प्रयत्न करायला हरकत नाही. यापेक्षा जास्त त्या बोलल्या नाहीत आणि दोघांनीही विचारलं नाही.

औषधाच्या खिडकीसमोर रांगेत खुर्च्या होत्या. तिचा आकडा यायला अजून पंधरा माणसं होती. ती जरा तिरकी बसली होती, पोटावर पर्स धरून. समोर एक म्हातारा खिडकीतल्या मुलीशी हुज्जत घालत होता की पांढरी गोळी गुलाबी कशी झाली.

"बाबा, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"आईने कधी माझ्याकडे तसं बघितलं का? म्हणजे, हिच्यामुळे झालं, असं."

नाही, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. वीस वर्षांहून जास्त दोघांनी मिळून ते तयार करून ठेवलं होतं, त्याला काही कष्ट नव्हते. बायको असती तर तिने तेच दिलं असतं, आणि हसून दिलं असतं. त्याने मुलीकडे बघितलं. तिने आयुष्यभर त्यांची असली उत्तरं खाल्ली होती.

"एकदा," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"तिची दुर्बीण झाली त्या दिवशी. आम्हाला यायला उशीर झाला. तू शाळेतून येऊन दारात बसली होतीस, किल्ली आमच्याकडे होती. तू तिला म्हणालीस, इतका वेळ कुठे होतीस, मला भूक लागली आहे. तिने तुझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग मला म्हणाली, अहो, हिला जरा बाहेर घेऊन जा, मला आत्ता हिच्याकडे बघवत नाही."

"मग?"

"मग मी तुला घेऊन गेलो. नदीच्या पुलापर्यंत. परत आलो तेव्हा तिने जेवण करून ठेवलं होतं. झोपायच्या आधी तुझे केस विंचरत बसली, किती तरी वेळ. तू म्हणालीस, आई, पुरे, दुखतंय. त्यानंतर कधी नाही. मी बघत होतो. कधीच नाही."

मुलीने पर्स पोटाशी नीट धरली. म्हाताऱ्याची गुलाबी गोळी शेवटी त्याच्या खिशात गेली आणि रांग पुढे सरकली.

"पुलापर्यंत," ती म्हणाली. "तुम्ही मला कठड्यावर बसवलं होतं. खालून एक होडी गेली. तिच्यात दोराच्या वेटोळ्यावर एक कुत्रा झोपला होता, तांबडा. मी हाक मारली आणि त्याने वर बघितलं."

"असेल."

"मला तो दिवस आठवतो, बाबा. शाळेत मी सगळ्यांना सांगितलं होतं, की माझे बाबा एकदा कामाच्या दिवशी मला नुसतं फिरायला घेऊन गेले. काही काम नसताना. मी एकटी होते ना, म्हणून मला वाटायचं की असं फक्त माझ्याच बाबतीत होतं."

त्याला म्हणावंसं वाटलं, तेही खरंच होतं. पण ते खरं नव्हतं. त्याला त्या पुलावरची एकच गोष्ट आठवत होती, की त्याने तिच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरला होता आणि आता घरी गेलं तर चालेल का, की अजून थांबावं, याचा तो विचार करत होता. पाण्याकडे त्याने बघितलंच नव्हतं.

"मला तो कुत्रा आठवत नाही," तो म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "मी बघितला होता."

मग तिचा आकडा पुकारला. उठताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळा भार दिला, कारण पोट अजून दुखत होतं, आणि सरळ उभी राहिल्यावरही तो लगेच काढला नाही.